वन्सं डाव्या, वन्सं उजव्या

...आणि वर फुगे! अहो, फुगे! तुम्हाला सांगते, सकाळी चहा पिऊन कॉम्प्युटर चालू केला, म्हटलं पटकन एका शर्टाचा पॅटर्न काढून मास्तरांच्या हातात द्यावा, तर स्क्रीनवर लाल-पिवळे-निळे फुगे खालून वर, खालून वर, आणि मधोमध भलं मोठं ‘अभिनंदन!’ मी म्हटलं, अगं बाई, कसलं अभिनंदन? आजी झाले की काय मी? लेक तर अजून लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते! बरं, फुगे संपेपर्यंत बसून राहायचं. फोडायचीही सोय नाही. मी दोन-तीन फोडून बघितले माउसनं, खोटं कशाला बोलू, फुटले नाहीत. मग ते आपले आपण विरले, आणि मागून जे पांढरंफटक उजाडलं... अहो, काही नाहीच! माझे रकाने नाहीत, माझी बटणं नाहीत, गिऱ्हाइकांची यादी नाही! नुकता चुना मारलेल्या रिकाम्या खोलीसारखं सगळं पांढरं, आणि एका कोपऱ्यात एक गोल, गुबगुबीत, डोळे मिचकावणारं तोंड. म्हणतं कसं, ‘हाय! मी मापू!’

मापू! कोण मापू? मी नाही ओळखत याला! माझा मापकर कुठाय?

थांबा, तुम्हाला मापकर कुठून माहीत असणार. सांगते. मी कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक लांबलचक टेबल, भिंतीला आरसा, कोपऱ्यात पडदा लावून कपडे बदलायची जागा, झालं माझं दुकान. कापायला मास्तर आहेत, माझ्याही आधीपासून या धंद्यात, दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन ‘बघू’ आणि ‘बघू’. इस्त्री आणि बटणं आमच्या ह्यांच्याकडे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून. आणि आखणीला मापकर. म्हणजे सॉफ्टवेअर हो! माप घातलं की कागदावर पॅटर्न छापून देणारं. दिसायला म्हणाल तर सरकारी कपाट. रंग तोच, आवाज तोच. पण तुम्हाला सांगते, माझं बोट जायचं आणि बटण तिथे असायचं! इतकी वर्षं संसार केला, आमच्या ह्यांचा चष्मा ठेवल्या जागी एकदा सापडला नाही, पण मापकरचं बटण? डोळे मिटून! हे तर मला चिडवायचे, ‘उठले का तुझे मापकर भाऊजी?’ मी म्हणायचे, उठले, आणि तुमच्यासारखी कुरकुर न करता उठले.

आणि त्यात काय होतं, सांगू? दोन रकाने. एक डावा, एक उजवा. बास. एवढंच. खांदा डावा इतका, उजवा इतका. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, तोही डावा वेगळा, उजवा वेगळा. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, माणूस दोन्हीकडून सारखा असतो असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही त्याला लांबून बघता! मी टेप लावून बघते. पोस्टमन बघा, पिशवीचा खांदा खाली. दात काढणारे डॉक्टर बघा, जन्मभर एका अंगाला वाकलेले. कडेवर पोर घेणारी बाई बघा, तिची कंबर त्या पोरानं कायमची आपल्या बाजूला ओढून घेतलेली असते, पोर कॉलेजात गेलं तरी कंबर येत नाही परत. मापकर ज्यानं कुणी बनवला तो शिंप्याच्याच पोटचा असणार. त्याला माहीत होतं.

तर असा माझा मापकर, रात्रीतून गेला आणि त्याच्या खुर्चीत हा मापू. मी ओरडले, ‘अहोऽऽ! कॉम्प्युटरला हात कुणी लावला?’ तर आमचे हे इस्त्रीच्या टेबलामागून, अगदी साळसूद आवाजात, ‘मी नाही गं काही केलं. ते सारखं विचारत होतं, नवीन रूप हवंय का, नवीन रूप हवंय का... कालपासून बिचारं विचारतंय. म्हटलं, एकदा हो म्हणून टाकावं.’ बघा! मी दहा वर्षं विचारतेय, माळा आवरता का, माळा आवरता का, तेव्हा कधी नाही वाटलं ‘बिचारी’!

बरं, नवीन रूप. मला सांगा, कुणी मागितलं होतं? मी मागितलं होतं? मास्तरांनी मागितलं होतं? मास्तरांनी तर स्वतःचं नवीन रूप कधी मागितलं नाही, तोच शर्ट, तीच पेन्सिल कानामागे!

तरी म्हटलं, चला, दिसण्यावर कशाला जा. शोधलं. या कोपऱ्यात दाब, त्या कोपऱ्यात दाब. मापू बोलतो, हं! ‘आज काय शिवूया?’ म्हणतो. शिवूया? तू शिवणारायस? सुई ओवता येते का तुला? मग कळलं की त्यात आता तयार कपड्याचा फोटो सगळ्या जगाला दाखवायची सोय आहे. गिऱ्हाइकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जातात. सकाळी एक सुविचार येतो. सगळं सगळं आहे! फक्त डावं-उजवं नाही. एकच रकाना. खांदा. कुठला खांदा? तर नुसता खांदा. एक बाजू लिहायची, दुसरी तो आरशात धरल्यासारखी स्वतः काढतो.

मी मास्तरांना बोलावून दाखवलं. मास्तरांनी चष्मा वर केला, चष्मा खाली केला, म्हणाले, ‘बाई, माणसाची घडी घालून कापतात का हे लोक?’ तुम्हाला सांगते, मास्तर एका दमात एवढे शब्द बोलले म्हणजे प्रकरण गंभीर!

पण खरा घाव पुढेच. माझी जुनी मापं. इतक्या वर्षांत टेप लावून लावून जमवलेली. ती होती हो, गेली नव्हती, मी हुश्श केलं... आणि मग नीट बघितलं. काय केलं असेल यांनी? डावं आणि उजवं घेतलं, बेरीज केली, दोननं भागलं! प्रत्येक माणसाचं! समान वाटप! पोस्टमनचा एक खांदा खाली, एक वर, यांनी दोन्ही मध्यावर आणून ठेवले, म्हणजे कोट आता कुठल्याच खांद्यावर बसणार नाही. आणि खाली हिरव्या अक्षरात काय, तर ‘तुमची माहिती स्वच्छ केली आहे.’ स्वच्छ? माझी माणसं काय मळली होती? कुणी मागितलं होतं?

आणि हे सगळं कधी, तर नेमकं वन्संचं जॅकेट यायच्या वेळी. काळ आला म्हणजे दार वाजवून येत नाही म्हणतात, हा तर फुगे घेऊन आला.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, ह्यांची थोरली बहीण. गळ्यात शिट्टी घालून पोहायला शिकवायच्या. मुलींना. आवाज असा की तलावाच्या या टोकाला उभ्या राहून म्हणाल्या ‘पाय मार!’, तर त्या टोकाच्या मुलीबरोबर तिची काठावर बसलेली आईही पाय मारायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला दोन वर्षं त्यांची भीती वाटायची, मग पुढे सवय झाली, मग लळा लागला, हा क्रम असतो, मधली पायरी चुकवता येत नाही. तर दोन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं. छातीचं. डावी बाजू काढली. बऱ्या झाल्या, डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम, पण वन्सं तलावावर जाईनात. आत घालायला उशीसारखं काहीतरी मिळालं होतं, ते एक आठवडा घातलं आणि कपाटात ढकललं. म्हणाल्या, ‘मला नाही जमायचं हे सोंग. आहे ते आहे, नाही ते नाही.’ पण आहे ते आहे म्हणणारी बाई सैल, पायघोळ, ढगळ कपड्यांत जाऊन बसली. तेव्हा मी मापकरमध्ये डावं-उजवं वेगळं घालून त्यांना एक साधा घरातला सदरा बेतून दिला होता. त्यासाठी त्या पडद्यामागे उभ्या राहिल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, आणि मी मापं घेईपर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. वन्सं! एक अक्षर नाही! ते माप म्हणजे माझ्या कॉम्प्युटरातलं सगळ्यात मोलाचं माप होतं, आणि यांनी ते... दोननं भागलं.

तर त्या आठवड्यात वन्संचा फोन. ‘अगं, तलावावरून बोलावणं आलंय. नवीन तुकडी आहे, या म्हणतायत. मी हो म्हटलंय. मला जॅकेट शिव. अंगाबरोबर. पुढे चेन. आणि हे बघ, सैल केलंस तर परत पाठवीन. दोन वर्षं मी तंबूत राहिलेय, आता पुरे.’

आता शिवणारे असाल तर तुम्हाला कळेल, नसाल तर सांगते. पुढे चेन असलेलं अंगाबरोबरचं जॅकेट म्हणजे परीक्षा. दोन्ही बाजू सारख्या कापल्या आणि आतलं अंग सारखं नसलं, तर कापड रिकाम्या बाजूला पडतं आणि चेन तिकडे वाकते. सगळं काही सांगून टाकते ती चेन. समोर वीस मुली उभ्या, आणि प्रत्येकीचं लक्ष पहिलं कुठे जाणार?

मी मापूसमोर बसले. म्हटलं, जुनी मापं गेली तर गेली, अंदाजानं काहीतरी डावं-उजवं घालून तर बघू, कुठे लपवलं असेल. खूप खोल एका कप्प्यात ‘इतर’ म्हणून जागा सापडली, तिथे लिहिलं. तर लाल चौकट! ‘मापात चूक दिसते आहे. दुरुस्त करू?’ आणि खाली दोन बटणं. एक ‘हो’. दुसरं काय असावं? ‘हो, नंतर’!

चूक? चूक म्हणतोस? तुम्हाला सांगते, माझ्या नणंदेला मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते माझं मला माहीत, पण चूक? आमच्या वन्सं चूक? आणि ती ‘दुरुस्त’ करणारा तू कोण रे, गोल तोंडाच्या!

फोन लावला कंपनीला. ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे...’ इतका महत्त्वाचा की भाजी चिरून झाली, कणीक मळून झाली, तरी उचलेनात. शेवटी एक मुलगी आली, आवाज असा की पाकात बुडवून काढलेला. ‘हॅलो मॅऽम, मी आपली काय मदत करू शकते?’ सांगितलं. ‘मॅऽम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.’ म्हटलं, भावना राहू दे, रकाना दे. ‘मॅऽम, आता सगळं सोप्पं केलंय ना, तुम्हाला दोनदा टाइप करायला नको. एक बाजू भरलीत की दुसरी आपोआप भरते.’

मी म्हटलं, ‘नाही गं बाई. आमच्या नणंदेची नाही भरली आपोआप.’

मग तिनं अगदी हळू, पाक नसलेल्या आवाजात विचारलं, ‘त्या... बऱ्या आहेत ना आता?’ म्हटलं, बऱ्या आहेत, जॅकेट हवंय त्यांना. ती म्हणाली, ‘मी वर कळवते. पण मॅम, खरं सांगू? रोज कळवतेय. तुम्ही एकट्या नाही.’

एकट्या नाही! हे बरं झालं कळलं. शोधलं, तर फोनवर एक ग्रुपच निघाला, ‘आमचा मापकर परत द्या’. कुठकुठले लोक! बँडवाल्यांचे कोट शिवणारे एक काका, ते म्हणाले ढोलवाल्याला आणि सनईवाल्याला एका मापात बसवलं तर मिरवणूक निघायची नाही. नाटकाचे कपडे शिवणाऱ्या एक बाई, त्यांच्या खलनायकाला कुबड होतं, मापूनं ते ‘स्वच्छ’ केलं, आता खलनायक नायकापेक्षा देखणा दिसतो नि नायक रुसून बसलाय. आणि एक गृहस्थ नुसत्या चादरी-पडदे शिवणारे. म्हणाले, ‘माझं काही अडलेलं नाही, पडद्याला खांदे नसतात, पण मी तुमच्याबरोबर आहे!’ अशी माणसं असतात म्हणून जग चाललंय. रोज सकाळी आम्ही सगळ्यांनी कंपनीला एकेक वाक्य पाठवायचं ठरलं. एकच. ‘कुणी मागितलं होतं?’ त्यांच्याकडून रोज उत्तर यायचं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’, आणि सोबत सुविचार.

पण वाक्यं पाठवून जॅकेट होतं का? वन्संना परत मापाला बोलवायचं होतं, आणि ते सांगायची माझी छाती होईना. हे म्हणाले, ‘मी सांगू का ताईला?’ म्हटलं, तुम्ही नका. तुम्ही हो म्हटलंत की काय होतं ते बघितलंय.

आल्या. मी चहा दिला, हवापाण्याचं बोलले, मशीन पुसलं, पुसलेलं मशीन परत पुसलं. वन्सं म्हणाल्या, ‘काय झालंय?’ मी सगळं सांगून टाकलं, एका श्वासात, फुग्यांपासून दोननं भागण्यापर्यंत. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे परत?’ म्हटलं, ‘हो वन्सं. परत.’ त्या उठल्या आणि ओरडल्या, ‘बाळ्या! जा, दूध घेऊन ये!’ हे म्हणाले, ‘ताई, दूध आहे की घरात.’ ‘मग आणखी आण!’ गेले बिचारे. मास्तर तर आपणहूनच पेन्सिल शोधायला बाहेर गेले, पेन्सिल कानामागे असताना.

पडद्यामागे गेलो. या वेळी वन्सं भिंतीकडे वळल्या नाहीत. आरशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी टेप लावला नि चमकले. परत लावला. अहो, मापं बदलली होती! दोन वर्षांत डावा खांदा वर आला होता, पाठ एका अंगाला ओढली गेली होती, व्रण झाकायला म्हणून आत आत वळलेली ती... जुनं माप असतं ना माझ्याकडे, तर त्या मापाचं जॅकेट साफ फसलं असतं. हे मी तुम्हाला विश्वासानं सांगतेय, कंपनीला सांगायचं नाही हं! मरून जाईन पण त्यांना नाही सांगणार!

वन्सं म्हणाल्या, ‘काय गं, हात का थांबला?’ मी म्हटलं, ‘खांदा वर घेताय तुम्ही.’ त्यांनी आरशात बघितलं. ‘हो की. कुणाला मारायला निघाल्यासारखी उभी आहे मी.’ आणि हसल्या. इतक्या हसल्या की माझा टेप सुटला. मग मीही हसले. मग दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते आम्ही हसण्याच्या खात्यावर टाकलं.

‘पण वन्सं,’ मी म्हटलं, ‘माप घेतलं, आता घालू कुठे? तो एकच बाजू घेतो. दुसरी तुमची चूक म्हणतो.’

‘मग दोन बायका लिही की,’ वन्सं म्हणाल्या, अगदी सहज. ‘एक डावी, एक उजवी. दोघी मिळून मी होते.’

तुम्हाला सांगते, मी बघतच राहिले! लिहिल्या! ‘वन्सं डाव्या’ आणि ‘वन्सं उजव्या’! मापूनं दोघींचं मनापासून स्वागत केलं. दोघींचे पॅटर्न छापले, डावीतली उजवी बाजू फाडून टाकली, उजवीतली डावी फाडून टाकली, राहिलेल्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या. मास्तर आले, बघितलं. ‘बाई, ही कुणाची?’ म्हटलं, ‘वन्संची.’ ‘आणि ही?’ ‘तीही वन्संची.’ ‘किती आहेत?’ म्हटलं, ‘आहेत त्या एकच आहेत, मास्तर, तुम्ही कापा!’ आणि वर तो मापू मध्ये मध्ये, ‘या दोन ग्राहकांचा पत्ता सारखा आहे. एकत्र करू? हो. हो, नंतर.’ मी रोज ‘हो, नंतर’ दाबायचे. त्या बटणाचा तेवढाच उपयोग झाला मला.

ट्रायलच्या दिवशी वन्सं पडद्याबाहेर आल्या. चेन वर ओढली. झर्रकन. आरशासमोर उभ्या राहिल्या, बाजूनं वळल्या, समोर वळल्या. चेन सरळ. अशी सरळ की ओळंबा लावून बघा! मास्तरांनी खडू उचलला, खुणा करायला, आणि तसाच परत ठेवला. मग वन्संनी हाक मारली, ‘बाळ्या!’ हे इस्त्री हातात घेऊनच आले. बहिणीकडे बघितलं, बघत राहिले. म्हणाले, ‘ताई... शिट्टी कुठाय तुझी?’ आणि गेले आत पटकन. एका शर्टाची कॉलर जाळली त्या दिवशी ह्यांनी. मी काही बोलले नाही. मी! काही बोलले नाही! म्हणजे बघा.

पहिल्या दिवशी मी गेले होते तलावावर, काठावरच्या बाकावर बसले. वन्सं शिट्टी घालून उभ्या. एक जुनी शिष्या, आता उंच झालेली, पळत आली, ‘मॅडम! इतके दिवस कुठे होता तुम्ही?’ वन्सं म्हणाल्या, ‘शिंप्याकडे. वेळ लावतात फार. जा, पाय मार!’

इथे संपायला हवं होतं ना? पण कंपनी कुठे संपते! आमच्या रोजच्या वाक्याला कंटाळून त्यांनी व्हिडिओवर सभा ठेवली. ‘आम्ही ऐकतो आहोत.’ आम्ही सगळे हजर. बँडवाल्या काकांचं नुसतं कपाळ दिसतंय, नाटकवाल्या बाईंचा आवाज बंद, हात मात्र खलनायकासारखे हलतायत, पडदेवाल्यांच्या मागे पडदे. आणि मधोमध कंपनीचे साहेब, तरुण, इतके हसरे की मला मापूच वाटले. म्हणाले, ‘मित्रहो, तुमच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत.’ कसला प्रवास? मी घरात बसलेय! मग म्हणाले, ‘काही जणांना सुरुवातीला नवीन रूप अवघड वाटलं, पण आकडे वेगळंच सांगतात.’ आणि आलेख दाखवला. रेघ अशी चढत गेलेली! ‘नवीन रूप आल्यापासून आमच्या सभासदांनी नोंदवलेल्या ग्राहकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली आहे! हे तुमचं प्रेम आहे!’

अहो, दुप्पट होणारच! वन्संची युक्ती मी त्याच आठवड्यात ग्रुपवर टाकली होती! बँडवाल्या काकांकडे ढोलवाला डावा आणि ढोलवाला उजवा! खलनायक तर तीन होते, डावा, उजवा आणि कुबड! काकांचं कपाळ हसून हसून स्क्रीनबाहेर गेलं.

वन्सं तेव्हा माझ्याकडे होत्या, दुसऱ्या जॅकेटचं कापड घेऊन आलेल्या. माझ्या मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मी तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी मला खुर्चीसकट बाजूला केलं. ‘नमस्कार,’ त्या म्हणाल्या, तलावाच्या आवाजात. साहेब दचकले. ‘तुमच्या कॉम्प्युटरला मापात एक चूक सापडली होती ना? ती मी.’

साहेबांना कळेना. ‘मॅडम, म्हणजे?’

‘म्हणजे माझी एक बाजू काढलीय. आजार होता. मी जिवंत आहे, हे जॅकेट मला नीट बसलंय, आणि तुमच्या आलेखात मी दोन बायका आहे. यादी उघडा, दोघी सापडतील. आता त्यातली चूक कुठली ते तुम्ही ठरवा, मला तलावावर जायचंय.’ आणि गेल्या! कापड तिथेच टाकून गेल्या!

साहेबांचं हसू मावळलं. वाईट माणूस नव्हता हो तो. म्हणाला, ‘हे आम्हाला... कुणी सांगितलं नव्हतं.’ तशी बँडवाले काका म्हणाले, ‘विचारलं होतं का?’

आणि तुम्हाला सांगते, आलं! काही आठवड्यांनी आलं! डावा रकाना, उजवा रकाना, आले परत. जुनी मापं नाही आली, ती गेली ती गेलीच, आता एकेका गिऱ्हाइकाला बोलावून परत टेप लावतेय. आणि रकाने आले ते कसे आले? ‘आम्ही चुकलो’ म्हणून? छे! ‘खास तुमच्यासाठी, जगात पहिल्यांदाच! क्रांतिकारी नवीन सुविधा: डावं आणि उजवं!’ पहिल्यांदाच! मी भांडून, ओरडून, कणीक मळता मळता फोन धरून परत आणलेली माझीच वस्तू मला भेट दिली! आणि खाली विचारतात, ‘ही सुविधा कशी वापरायची ते शिकायचंय का?’

हे म्हणाले, ‘मिळालं ना? आता झोप शांत.’ मी म्हटलं, झोपतेय कसली, वापरणार! पहिलं जे गिऱ्हाईक येईल त्याला असं मापते, असं मापते, दोन्ही रकाने काठोकाठ भरते! आणि आलं की हो गिऱ्हाईक. कोट शिवायचा होता. मध्यमवयाचे, हळू बोलणारे, चष्मेवाले गृहस्थ. मी टेप लावला. डावा खांदा लिहिला. उजवा खांदा... तेवढाच. म्हटलं, असेल. डावा मुंढा, उजवा मुंढा... सारखा! बाही सारखी! मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही मोजा. मास्तरांनी मोजलं, परत मोजलं, चष्मा पुसून मोजलं. सुतानंही फरक नाही! मी त्यांना विचारलं, ‘पिशवी कुठल्या खांद्यावर घेता?’ ‘बदलत राहतो,’ म्हणाले. ‘झोपता कुठल्या कुशीवर?’ ‘उताणा.’ मला तर तो कंपनीनंच पाठवलाय असं वाटायला लागलं! इतक्या वर्षांत, हजारो माणसांत, दोन्हीकडून सारखा असा हा एकच माणूस, आणि तो आजच यायचा होता...

काय करता? शिवला. आणि तुम्हाला सांगते, इतका कंटाळवाणा कोट मी जन्मात शिवला नाही.